ताप उतरला आणि पुन्हा चढला: लहान मुलांच्या सर्दी-खोकल्यातला दुसरा जंतू

जून लागला की दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. दीड-दोन वर्षांचं मूल, नुकतंच पाळणाघरात घातलेलं, नाकाला धार, बाबांच्या खांद्यावर रेनकोट आणि आईच्या पर्समध्ये गेल्या आठवड्याची दोन प्रिस्क्रिप्शनं. खुर्चीत टेकायच्या आत प्रश्न येतो, "डॉक्टर, हे व्हायरल आहे की बॅक्टेरियल?"

सिंहगड रस्त्यावर बसून इतकी वर्षं हा प्रश्न ऐकतेय, आणि मला त्यातला 'की' खटकतो. पुष्कळदा दोन्ही असतात, तेही एकापाठोपाठ एक. विषाणू पुढे येऊन दार किलकिलं करतो आणि घरातच दबा धरून बसलेला जिवाणू त्या फटीतून आत सरकतो. त्यामुळे पहिल्या दिवशी 'कोणता जंतू' हे विचारून फारसं काही हाती लागत नाही. चौथ्या-पाचव्या-सातव्या दिवशी मूल कुठल्या दिशेने चाललंय हे कळणं जास्त कामाचं, आणि ते घरी बसून तुम्हालाच कळू शकतं. कसं, ते पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी लिहितेय.

सुरुवातीलाच एक अट. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल आणि त्याला ताप असेल, श्वास जलद असेल किंवा ते दूध ओढत नसेल, तर यातलं काहीही करून बघायचं नाही. थेट डॉक्टर. पुढचं सगळं दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे.

पहिली पायरी: तारीख मांडा

"ताप कधीपासून?" असं विचारलं की उत्तर येतं, "परवापासून." आईचं परवा तीन दिवसांचं असतं, आजीचं पाच दिवसांचं, आणि बाबा मोबाइलमध्ये फोटो शोधायला लागतात. चेष्टा नाही करत. रात्र रात्र जागून दिवसांचा हिशेब कुणाला राहतो? म्हणून भिंतीवरचं कालनिर्णय वापरा. दुधाच्या पिशव्या ज्या चौकटीत लिहिता, तिथेच. पहिलं नाक वाहिलं तो दिवस १. पुढे रोज चार गोष्टी: सर्वांत जास्त ताप किती, तापाचं औषध किती वेळा दिलं, खाणंपिणं नेहमीच्या मानाने किती, लघवी किती वेळा.

ताप हाताने बघू नका. डिजिटल थर्मामीटर काखेत, बीप वाजेपर्यंत. १००.४ फॅरनहाइट आणि वर म्हणजे ताप. "अंग कोमट लागतंय" याची नोंद होत नाही.

साध्या विषाणूजन्य सर्दीचा आलेख साधारण असा: पहिले दोन-तीन दिवस ताप, तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक सर्वांत जास्त, मग उतार. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. शेंबूड आधी पाण्यासारखा, मग पांढरा, मग हिरवा-पिवळा होतो. हिरवा झाला म्हणजे जिवाणू आला, ही समजूत पुण्यात तरी पेठांपासून हिंजवडीपर्यंत सारखीच आहे, आणि सारखीच चुकीची. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो.

दुसरी पायरी: श्वास मोजा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

मूल झोपलेलं किंवा शांत हवं. रडताना, दूध पिताना, ताप चढलेला असताना मोजलेला आकडा फसवा असतो. ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. झबलं किंवा टीशर्ट छातीच्या वरपर्यंत सारा. पोट वर आलं आणि खाली गेलं की एक. मोबाइलवर साठ सेकंदांचा टायमर लावा आणि पूर्ण मिनीट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच भरभर, मध्येच थांबल्यासारखा.

दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आत: मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे जलद. एक ते पाच वर्षं: ४० किंवा जास्त. दोन महिन्यांच्या आत हीच मर्यादा ६०. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत आणि आपल्याकडच्या आशाताईही हेच वापरतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आकडेमोड न येणाऱ्यांसाठी मण्यांचं श्वासमोजणी यंत्र केलं, आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटलेले दिसले. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही. जे जंगलातल्या गावात जमलं ते टू बीएचकेत न जमायला काही कारण नाही.

मोजताना छातीचा खालचा भाग बघा. श्वास आत घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते का? त्याला आम्ही 'छाती आत ओढणं' म्हणतो. आज्या म्हणतात "पोटाला खड्डा पडतोय". आज्या बरोबर असतात. हे दिसलं की आकडा कितीही असो, त्याच दिवशी दाखवायचं. वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा, उघड्या छातीचा, उजेडात. दवाखान्यात आल्यावर मूल हमखास रडतं आणि मग ना तुम्हाला दाखवता येतं ना मला बघता येतं.

छातीतून येणारी प्रत्येक घरघर फुप्फुसातली नसते, हेही सांगून ठेवते. बहुतेक वेळा ती नाका-घशातल्या चिकट स्रावाची असते. पाठीवर हात ठेवला की हाताला जाणवते आणि घरचे घाबरतात. नाकात सलाइनचे थेंब घालून पाच मिनिटांनी पुन्हा ऐका. निम्मी घरघर गेलेली असते.

तिसरी पायरी: दुसऱ्या तापावर नजर

आता मुख्य मुद्दा, आणि तो माझ्या एका चुकीतून सांगते.

शिकाऊ डॉक्टर असताना एका आईला मी सांगितलं होतं, "व्हायरल आहे, चार दिवसांत उतरेल." बरोबर चौथ्या दिवशी उतरला. पोरगी खेळली, वरणभात खाल्ला. सहाव्या दिवशी पुन्हा ताप आला. आईने मनाशी म्हटलं, डॉक्टर म्हणाल्याच होत्या व्हायरल आहे, आणि ती थांबली. नवव्या दिवशी ती मुलगी आमच्या वॉर्डात आली तेव्हा उजव्या छातीत पू झाला होता. नळी घालावी लागली. बरी झाली, पण त्या आईने मला जे विचारलं ते अजून ऐकू येतं: "पुन्हा ताप आला तर या, एवढं का नाही सांगितलंत?"

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. ताप उतरून मूल दीड-दोन दिवस खरोखर सुधारलं आणि मग ताप परत आला, बहुधा आधीपेक्षा जास्त, खोकला वाढला, मूल मलूल झालं, तर ते पहिल्या आजाराचं शेपूट धरू नका. दुसरा पाहुणा आलाय असं समजून त्याच दिवशी दाखवा. दुसरा ताप प्रत्येक वेळी जिवाणूचाच असतो असं नाही. पाळणाघरात जाणाऱ्या मुलाला लागोपाठ दोन विषाणूही गाठतात. तो फरक करणं डॉक्टरांचं काम.

हे होतं कसं? न्यूमोकोकस, हिमोफिलस असे जिवाणू कित्येक धडधाकट मुलांच्या नाक-घशात मुक्कामालाच असतात. एरवी काही करत नाहीत. श्वासनलिकेच्या आतून बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत वरच्या दिशेने झाडत राहतात आणि कचरा फुप्फुसात उतरू देत नाहीत. इन्फ्लुएंझासारखा विषाणू नेमकं हे अस्तर खरवडतो. झाडणारे तंतू झडतात, उघड्या पडलेल्या पेशींवर जिवाणूंना चिकटायला जागा मिळते, आणि विषाणूशी लढण्यात गुंतलेल्या संरक्षक पेशी जिवाणू गिळण्याच्या कामात काही दिवस ढिल्या पडतात. त्यामुळे धोक्याची वेळ बरेचदा पहिला ताप ओसरल्यावर येते.

१९१८ ची साथ आपल्याकडे 'मानमोडी' म्हणून ओळखली गेली. त्या साथीतल्या अमेरिकी सैनिकांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा जवळपास सगळ्यांत जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. फ्लू मारत होता, पण शेवटचा घाव बहुतांशी दुसऱ्याचा होता. याहून गमतीची गोष्ट नावाची. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत एक जिवाणू सापडला आणि फ्लूचं कारण तोच, असं त्याला वाटलं. म्हणून त्याचं नाव हिमोफिलस इन्फ्लुएंझी. माणसातला खरा फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला, पण जिवाणूचं नाव बदललं नाही. मागून घुसलेल्याला पहिला समजण्याची चूक इतकी जुनी आहे.

सगळे दुसरे जंतू छातीतच उतरतात असंही नाही. घरी सर्वांत जास्त दिसतो तो कान. चार-पाच दिवस सर्दी, मग रात्री दोन वाजता मूल किंचाळून उठतं, कान ओढतं, आडवं केलं की जास्त रडतं. नाकाला कानाशी जोडणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती बुजली की मधल्या कानात पू धरतो. कानात तेल घालू नका, सकाळी दाखवा. आणि नाक दहा दिवसांनंतरही जराही कमी नसेल, तर सायनसचा विचार करावा लागतो.

चौथी पायरी: घरी काय करायचं, काय नाही

करायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: थोडं थोडं पण वारंवार पाजणं, अंगावरचं दूध चालू ठेवणं, नाकात सलाइनचे थेंब, आणि ताप किंवा अंगदुखी असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. एक वर्षावरच्या मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी मधाचं एक चाटण चालतं. वर्षाच्या आत मध अजिबात नाही.

पॅरासिटामॉलच्या बाटलीपाशी जरा थांबा. बाळांच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५, आणि 'डीएस'मध्ये २४० किंवा २५०. म्हणजे ड्रॉप्सची बाटली संपली म्हणून सिरप त्याच ड्रॉपरने दिलं तर ताप हलत नाही, आणि उलट, ड्रॉप्स चमच्याने दिले तर चौपट डोस जातो. प्रिस्क्रिप्शनवर 'मिली' बघताना बाटलीही तीच आहे ना, हे बघा. ॲस्पिरिन मुलांना नाही. निमेसुलाइड १२ वर्षांखाली भारतात २०११ पासून बंद आहे, तरी एखाद्या घरातल्या डब्यात निघतंच.

सर्दी-खोकल्याची एकत्र सिरपं नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये काढला. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या.

आता नाजूक विषय. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी असते, आंघोळीनंतर टाळू भरून नाकात तेलाचे दोन थेंब सोडतात. मालिशवाल्या मावशींचा हात मला आवडतो, त्यांनी घर सावरलेलं पाहिलंय मी. पण नाकातलं तेल श्वासाबरोबर खाली उतरतं आणि तेलामुळे होणारा न्यूमोनिया अँटिबायोटिकने बरा होत नाही. धूर तर विषाणूने आधीच खरवडलेल्या नळीवर मिठासारखा. धुरी, डासांची कॉइल, उदबत्ती, गॅलरीत ओढलेली सिगारेट, आजारी मुलाच्या घरात हे सगळं बंद. ओव्याची पुरचुंडी कपड्याला लावून ठेवली तर कुणाचं काही बिघडत नाही, आजींचाही मान राहतो. वाफेच्या भांड्यापासून मूल लांब ठेवा. वाफेने खोकला गेलेला मला फारसा दिसत नाही, भाजलेले हात मात्र दिसतात.

पाचवी पायरी: तपासण्या आणि अँटिबायोटिक

धाप नाही, खाणंपिणं बरं आहे, तिसरा दिवस आहे: अशा मुलाला बहुधा एकही तपासणी लागत नाही. डॉक्टरांनी काही लिहून दिलं नाही तर फी वाया गेली असं वाटून घेऊ नका. खूप बोलून काहीच न लिहिणं जास्त वेळ खातं.

हल्ली नाकातला स्वॅब घेऊन वीस-पंचवीस जंतू एकदम शोधणारं 'रेस्पिरेटरी पॅनल' मिळतं. काही हजार रुपये जातात आणि रिपोर्टवर तीन-तीन नावं पॉझिटिव्ह येतात: ऱ्हायनोव्हायरस, न्यूमोकोकस, हिमोफिलस. घरात रडारड. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाव आहे म्हणजे चोरी त्यानेच केली असं होतं का? स्वॅब नाकातला आहे, आजार फुप्फुसातला. न्यूमोकोकस तिथे राहतोच, आणि ऱ्हायनोव्हायरसच्या खुणा मूल बरं झाल्यावरही आठवडे सापडतात. दाखल झालेल्या, जास्त आजारी मुलात या पॅनलचा उपयोग होतो. खेळत्या मुलाचं पॅनल करून फक्त झोप उडते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्यांनी अशीच झोप उडवली होती. हा विषाणू २००१ मध्ये ओळखला गेला, आणि पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना तो एकदा होऊन गेलेला असतो.

रक्तातला सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी) वाढला म्हणजे जिवाणूच, असंही नाही; अडीनोव्हायरस सीआरपी चांगलाच चढवतो. बांगलादेशासह सात देशांत (त्यात भारत नव्हता) दाखल झालेल्या मुलांच्या न्यूमोनियाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६१ टक्के आजार विषाणूंचा आणि २७ टक्के जिवाणूंचा निघाला; त्यातला आरएसव्ही हा एकटा विषाणूच ३१ टक्के. गंभीर न्यूमोनियातही पारडं असं आहे.

"दुसरा जंतू येऊ नये म्हणून आधीच अँटिबायोटिक देऊन टाका ना" ही मागणी मला रोज होते. तर्क सुबक आहे, पण उपयोग होत नाही. आधी दिलेल्या औषधाने नाकातले साधे जिवाणू मरतात आणि निबर उरतात; मग खरोखर न्यूमोनिया झाला तर तो त्या निबरांचा होतो. म्हणून गेल्या वेळची उरलेली बाटली, शेजारच्यांच्या मुलाला लागू पडलेलं औषध, केमिस्टने सुचवलेलं 'तीन दिवसांचं', यातलं काही नको.

डॉक्टरांनी तपासून दिलं तर मात्र नीट द्या. पावडरची बाटली आधी हलवून मोकळी करा, उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पाणी खुणेच्या खाली गेलेलं दिसेल, तेव्हा पुन्हा खुणेपर्यंत. ही दुसरी खेप बहुतेक जण विसरतात आणि औषध दाट होतं. सांगितलेले दिवस पूर्ण करा, उरलेलं फेकून द्या. ४८ तासांत मूल सुधारायला हवं. तसं नसेल तर बाटली संपायची वाट न बघता परत जा. फ्लूची शंका असेल तर ओसेल्टामिविर हे विषाणूचं औषध पहिल्या ४८ तासांत जास्त कामाला येतं. इथेही ती कालनिर्णयची चौकट उपयोगी पडते.

थांबायचं नाही तेव्हा

मूल पाणी किंवा दूध घेत नाही, घेतलेलं सगळं उलटतं, झटका आला, हाक मारून उठत नाही, शांत असतानाही श्वास घेताना कर्कश आवाज येतो, प्रत्येक श्वासाला कण्हतं, मान हलते, ओठ-जीभ निळसर दिसतात: यातलं एकही असलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे. मुलांचा विभाग रात्री चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, ससून, पिंपरीचं वायसीएम की तुमच्या भागातलं खासगी, हे पावसाळ्याआधीच शोधून फ्रिजवर लिहून ठेवा. रात्री अकरा वाजता भर पावसात गूगल करण्यात वेळ जातो. घरी ऑक्सिमीटर असेल तर मोठ्यांची क्लिप बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, पायाच्या अंगठ्याला लावून बघा. ९४ च्या खाली आकडा टिकून राहिला तर निघा. पण आकडा चांगला आणि मूल वाईट दिसत असेल, तर मुलावर विश्वास ठेवा.

लसींचं पान

न्यूमोकोकसची लस, पीसीव्ही, सरकारी कार्यक्रमात फुकट आहे: ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने. २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू होऊन २०२१ मध्ये ती देशभर पोहोचली. हिमोफिलस बी चं संरक्षण ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये आहे. महापालिकेच्या दवाखान्यात दोन्ही मिळतात. फ्लूची लस सरकारी यादीत नाही. सहा महिन्यांनंतर घेता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, शक्यतो पावसाळ्यापूर्वी. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि अख्खं शहर रुमाल बांधून फिरत होतं. ज्यांना ते आठवतं त्यांना ही लस पटवून द्यावी लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत सोवेटोमध्ये मुलांना न्यूमोकोकसची लस दिली, आणि २००४ मध्ये निकाल आला: विषाणू सापडलेल्या न्यूमोनियामुळे दाखल होणारी मुलंसुद्धा ३१ टक्क्यांनी कमी झाली. लस जिवाणूची, घट 'व्हायरल' न्यूमोनियात! म्हणजे ज्यांना आपण नुसतं व्हायरल म्हणत होतो, त्यातल्या बऱ्याच जणांत जिवाणू मागच्या दाराने शिरलेला होता.

पाळणाघरात परत कधी पाठवायचं? औषधाशिवाय २४ तास ताप नसला आणि मूल नेहमीसारखं खातंय-खेळतंय, की पाठवा. खोकला थांबायची वाट बघितलीत तर दिवाळी येईल. पहिल्या वर्षी अशा सहा-आठ खेपा होतात. आणि जुलै संपला म्हणून कालनिर्णयचं पान लगेच मागे उलटू नका. पहिला ताप २९ ला आला असेल, तर दुसरा आला तर ऑगस्टच्या पानावर दिसणार आहे, आणि दोन्ही पानं मला शेजारी शेजारी बघायची असतात. फोटो काढून आणलात तरी चालेल.